प्राणिवर्ष पदके, चिनी
चिनी कालगणनेतील वर्षाधिपती प्राण्याची आकृती असलेली स्मारक पदके. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर असा या बारा प्राण्यांचा क्रम आहे. यांना रूढीने राशी म्हणत असले, तरी त्यांचा संबंध तारकासमूहांशी नसून वर्षांशी आहे.

अपरिचित पदक हाती आल्यास प्रथम ते नाणे आहे की पदक हे ठरवावे. नाण्यावर देशाचे नाव व दर्शनी मूल्य असते. पदकावर मूल्य नसते. चीनने प्राणिवर्षाची मौल्यवान धातूंची नाणी १९८१ च्या कोंबडावर्षापासून काढली. शांघाय व शन्यांग येथे प्रमुख टांकसाळी आहेत. चौकोनी छिद्राची व बारा प्राण्यांची जुनी नाणेसदृश चकती बहुधा चलन नसून ताईत असते. सशाऐवजी मांजर आढळल्यास पदक व्हिएटनामी परंपरेचे समजावे. जपानी परंपरेत डुकराच्या जागी रानडुक्कर असते.

नंतर वर्ष निश्चित करावे. इसवी सनातून ४ वजा करून १२ ने भागल्यास बाकी ० असता उंदीर, १ असता बैल, याप्रमाणे क्रमाने प्राणी मिळतो. १९८८ साठी बाकी ४ येते, म्हणून ते ड्रॅगनवर्ष होय. मात्र चिनी वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांदरम्यान सुरू होते; १९८८ चे ड्रॅगनवर्ष १७ फेब्रुवारीला सुरू झाले. त्यापूर्वीचे दिवस ससावर्षात मोडतात.

केवळ प्राण्यावरून काल ठरत नाही, कारण तो दर बारा वर्षांनी परत येतो. त्यासाठी दोन चिन्हांची वर्षसंज्ञा वाचावी. पहिले चिन्ह दहा ‘स्वर्गीय स्कंधां’पैकी व दुसरे बारा ‘पार्थिव शाखां’पैकी असते. त्यांच्या संयोगाने साठ वर्षांचे चक्र होते. १९७६, १९८८ व २००० या ड्रॅगनवर्षांच्या संज्ञा अनुक्रमे बिंग-छन, वू-छन व गंग-छन अशा आहेत. आपल्याकडील प्रभवादी साठ संवत्सरांशी याचे बाह्य साम्य आहे; त्यांची गणना मात्र गुरूच्या गतीशी निगडित आहे.

शेवटी धातूची परीक्षा करावी. ९९९ हा अंक हजार भागांतील शुद्ध धातूचे प्रमाण दर्शवितो. पण अंक कोरणे सोपे असल्याने तो पुरावा ठरत नाही. पदकाचे हवेतील वजन व पाण्यात बुडविल्यावर घटणारे वजन यांच्या भागाकारावरून विशिष्ट गुरुत्व काढता येते. चांदीचे ते सु. १०·५ व तांब्याचे सु. ८·९६ असते. ३१·१ ग्रॅमचे चांदीचे पदक पाण्यात सु. २·९६ ग्रॅम, तर मुलामा दिलेले तांब्याचे तितक्याच वजनाचे पदक सु. ३·४७ ग्रॅम वजन गमावते. सोन्याच्या बाबतीत ही कसोटी पुरेशी नाही, कारण टंगस्टनचे विशिष्ट गुरुत्व सोन्याच्या अगदी जवळ आहे. परीक्षेपूर्वी पदक घासून वा रसायनाने उजळू नये. त्यामुळे पृष्ठभागावरील बारीक खुणा नष्ट होतात व ओळखीचा आधारच नाहीसा होतो.