गाडी परत केली, पण कपात चालूच



शेतकी खात्याच्या या पानावर लागण, खोडवा आणि हुमणी यांच्याशिवाय दुसरा विषय सहसा येत नाही. आज येतो आहे, कारण आपल्या कार्यक्षेत्रातील काही मुले परदेशी नोकरीला आहेत आणि त्यांच्या पगारावर इकडचे ठिबकचे, पाइपलाइनचे हप्ते चालतात.

जानेवारी २०२५ अखेरची गोष्ट. तोडणीची गडबड चालू होती. एक जुने सभासद, त्यांना आपण अण्णा म्हणू, गट ऑफिसात येऊन बसले. तोडीची तक्रार असेल म्हणून मी लागण नोंदीची वही काढली, तर म्हणाले, "ऊस राहू द्या साहेब. पोरगं बदललं."

मुलगा इंग्लंडात नोकरीला. त्याने ऑक्टोबरात कंपनीची गाडी परत केली आणि हप्त्यावर एक जुनी गाडी घेतली. कंपनीच्या गाडीचा कर वाचेल, त्यात हप्ता भागेल, असा त्याचा हिशेब. पण कर कापणे काही थांबले नाही आणि घरी येणारे पैसे कमी झाले. अण्णांचा सवाल सरळ होता. "गाडीच नाही तर कर कशाचा? सबब सांगतोय." दोन महिने बापलेकाचे बोलणे बंद.

मी शेतकी पदविकावाला, करसल्लागार नव्हे. तरी पोराकडून पगारपत्रक मागवले आणि दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो.

आपल्याकडे ऊसबिलातून सोसायटीची वसुली परस्पर होते, उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर पडते. इंग्लंडात पगारावरचा आयकर १९४४ सालापासून असाच मालकाकडूनच कापला जातो. किती कापायचा हे कर खाते एका कोडने कळवते. तिकडे वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत करमाफी आहे. तिचा शेवटचा आकडा सोडून साधा कोड होतो १२५७ एल. कर खाते वर्ष धरते ६ एप्रिल ते ५ एप्रिल.

आता गाडी. कंपनीने दिलेली गाडी घरच्या कामाला, अगदी कामावर जाण्यायेण्यालाही वापरता येत असेल, तर ती पगारासारखीच मिळकत धरतात. गाडीची छापील किंमत घ्यायची आणि तिच्या धुराच्या मानाने टक्के लावायचे. २००२ पासून ही पद्धत आहे. या मुलाची गाडी ३०,००० पौंडांची, टक्के ३०, म्हणजे ९,००० पौंड मिळकत. तेवढी माफीतून वजा केली की उरतात ३,५७० आणि कोड होतो ३५७ एल. पगारपत्रकावर नेमका तोच छापलेला होता. २० टक्क्यांनी वर्षाला १,८०० पौंड, महिन्याला १५०. पोरगं खरं बोलत होतं!

चूक कुठे झाली? मुलाने गाडी ५ ऑक्टोबरला परत केली. बदली गाडी न देता गाडी काढून घेतली, तर कंपनीने कर खात्याला पी ४६ (कार) हा फॉर्म पाठवायचा असतो. ५ ऑक्टोबरला संपणाऱ्या तिमाहीसाठी मुदत २ नोव्हेंबरची. तिथल्या बाबूने तो पाठवलाच नाही. कारकून काय, सगळीकडचे सारखेच. कर खाते बिचारे जुन्याच माहितीवर कोड चालवत राहिले. सोसायटीचे कर्ज फेडले तरी सातबाऱ्यावरचा बोजा तशी नोंद करून घेतल्याशिवाय उतरत नाही, तशातला हा प्रकार.

पण नोकरदाराला फॉर्मची वाट बघत बसावे लागत नाही. तो कर खात्याला फोनवर किंवा आपल्या ऑनलाइन खात्यातून स्वतः कळवू शकतो. मात्र तारीख पक्की हवी. गाडी शेवटची कधी चालवली हे धरत नाहीत, ताबा कधी सोडला हे धरतात. दारात नुसती उभी असलेली गाडीही मोजली जाते. म्हणून चावी देताना तारखेसह पोच घ्यावी. काही कंपन्या गाडीची रक्कम कोडमध्ये न घालता थेट पगारात धरून कर कापतात. तिथे कर खात्याला सांगून उपयोग नाही, पगार विभागालाच गाठावे लागते.

मुलाने कळवले. अर्ध्या वर्षाचीच गाडी, म्हणून ४,५०० वजा होऊन कोड झाला ८०७ एल. फेब्रुवारीच्या पगारात ७५० पौंड परत आले, पण फेब्रुवारी आणि मार्चला ७५-७५ कापलेही गेले. अण्णा पुन्हा बिथरले, "गाडी नाही आणि अजून कापतात?" त्यांना समजावले, की सहा महिन्यांच्या गाडीचा कर बारा महिन्यांवर पसरून धरतात. ७५० मधून १५० गेले, राहिले ६००. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांची जादा कपात तेवढीच होती.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी आणखी एक सांगून ठेवावे. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचा कोड येतो, त्यात जुनी गाडी पुन्हा शिरलेली नाही ना, ते बघावे. आणि वर्ष संपून गेले असले तरी जादा गेलेला कर चार वर्षांपर्यंत मागता येतो.

अण्णांनी गट ऑफिसातूनच मुलाला फोन लावला. कराविषयी चकार शब्द काढला नाही. "जेवलास का?" एवढेच विचारले, आणि मग बराच वेळ ठिबकच्या नळ्यांविषयी बोलत बसले.