टाकाऊ इंजिनाचा पुनर्जन्म

आपल्या घरच्या रेडिओला वीज कोठून मिळते, याचा विचार आपण क्वचितच करतों. भिंतीवरचें बटण दाबलें कीं काम झालें. परंतु रणांगणावर भिंतहि नसते आणि बटणहि नसतें. तेथें बिनतारी संदेशयंत्राला वीज पुरविण्यासाठीं एक लहानसें इंजिन आणि त्याला जोडलेलें वीजजनित्र बरोबर वागवावें लागे. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें अशीं इंजिनें वापरलीं. ऑगस्ट १९४५ मध्यें जपान शरण गेला, सैन्य विसर्जित झालें, संदेशयंत्रें मुकीं झालीं, आणि हीं इंजिनें निरुपयोगी सामान म्हणून पडून राहिलीं. त्यांपैकीं सुमारें ५०० इंजिनांचें पुढें काय झालें, तें आज सांगावयाचें आहे.

हामामात्सु शहरांत सोइचिरो होंडा नांवाचा एक कारागीर राहत असे. त्याचा जन्म १९०६ चा, वडील लोहार. तरुणपणीं त्यानें तोकियोंत मोटारदुरुस्तीचें काम शिकून घेतलें, पुढें पिस्टनच्या रिंगा तयार करण्याचा कारखाना चालविला आणि युद्ध संपल्यावर तो विकून टाकला. त्या काळीं जपानांत अन्नाची टंचाई होती, पेट्रोल दुर्मिळ होतें, आणि आगगाड्यांत पाय ठेवावयास जागा नसे. शहरांतील कुटुंबें तांदूळ व भाजीपाला मिळविण्यासाठीं सायकलींवरून दूरच्या खेड्यांत जात. होंडाची पत्नी साची हिच्याहि वांट्यास हेच कष्ट आले होते. १९४६ मध्यें एका परिचिताकडे होंडानें सैन्याचें तें चिमुकलें इंजिन पाहिलें. आणि हें सायकलीला जोडतां येईल, असें त्याच्या मनानें घेतलें. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून त्यानें काय लावावें? थंडींत अंथरूण ऊबदार ठेवण्यासाठीं गरम पाणी भरून ठेवावयाचें घरांतलें भांडें!

येथें कोणी म्हणेल कीं, तयार इंजिन हातीं आल्यावर राहिलें काय? पुसून घ्यावें, पेट्रोल घालावें आणि सुरू करावें. परंतु पडून राहिलेलें इंजिन असें वश होत नसतें. इंजिनाच्या जिवंतपणाला तीन गोष्टी लागतात : दाब, ठिणगी आणि योग्य प्रमाणांत मिसळलेलें इंधन व हवा. बंद पडलेल्या इंजिनाचें परीक्षण याच क्रमानें करावें लागतें.

प्रथम दाब. फार दिवस न फिरलेला पिस्टन गंजानें सिलिंडरला चिकटून बसतो. त्याला बळानें हलविलें, तर सिलिंडरच्या आंतल्या भिंतीवर ओरखडे उठतात आणि मग दाब कायमचाच जातो. म्हणून तेल सोडून एक दोन दिवस धीर धरावा, हेंच शहाणपणाचें. पिस्टनच्या रिंगाहि काजळीनें खांचेंत रुतून बसतात. त्या मोकळ्या केल्यावांचून वायु कोंडला जात नाहीं. दुसरी ठिणगी. मॅग्नेटोंत ठिणगी पाडण्यासाठीं उघडझाप करणारीं जीं दोन लहान टोकें असतात, त्यांवर मळाचा पातळ थर चढला, तरी ठिणगी नाहींशी होते. तिसरें इंधन. जुनें पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत डिंकासारखें घट्ट होतें. तें तारेनें कोरूं नये. छिद्र किंचित् मोठें झालें कीं मिश्रणाचें प्रमाण बिघडतें. विद्रावकांत भिजवून वाऱ्यानें फुंकून काढावें.

हीं इंजिनें टू-स्ट्रोक जातीचीं होतीं. या जातींत पिस्टन वर जातांना खालच्या पेटींत नवें मिश्रण ओढलें जातें व खालीं येतांना तेंच दाबलें जाऊन सिलिंडरांत शिरतें. यास्तव वरच्या बाजूप्रमाणेंच खालची पेटीहि हवाबंद असावी लागते. तिच्या सांध्यांतून हवा गळूं लागली कीं सारें श्रम फुकट. वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

याहून बिकट प्रश्न निराळाच होता. हें इंजिन जमिनीवर बसून एकाच वेगानें फिरण्यासाठीं घडविलेलें. त्याला आतां माणूस ओढावयाचा होता. २६ इंची चाकाचा घेर सुमारें २ मीटर असतो. ताशीं २० किलोमीटर वेगानें जातांना तें चाक मिनिटास सुमारें १६० फेरे घेतें. इंजिन मिनिटास ३२०० फेरे घेत असेल, तर त्याच्या २० फेऱ्यांस चाकाचा एक फेरा, असें प्रमाण साधलें पाहिजे. होंडानें प्रथम इंजिनाचें रूळ पुढच्या चाकाच्या टायरवर घासून चाक फिरविण्याचा प्रयत्न केला. युक्ति सोपी होती. परंतु त्या दिवसांतले हलक्या रबराचे टायर ती सोसूं शकेनात. तेव्हां त्यानें इंजिन सायकलीच्या सांगाड्यांत बसविलें आणि पट्ट्यानें मागचें चाक फिरविलें.

चाचणीसाठीं त्यानें साचीलाच सायकलीवर बसविलें. गांवांतल्या हमरस्त्यावरून जावयाचें, म्हणून तिनें आपली चांगली विजार घातली. घरीं परत आली तेव्हां ती विजार तेलानें माखलेली होती. असें वाहन गिऱ्हाइकें घेणार नाहींत, असें तिनें नवऱ्यास स्पष्ट बजाविलें. दोष होता कार्ब्युरेटरकडचा. पिस्टन खालीं येऊं लागल्यावरहि मिश्रण आंत घेणारें द्वार क्षणभर उघडें राहतें, आणि पेटींतील तेलमिश्रित पेट्रोल उलट बाहेर फवारलें जातें. जमिनीवर बसविलेल्या इंजिनांत याची कोणी पर्वा केली नसती. परंतु येथें शेजारीं माणसाचा पाय होता. होंडानें ही तक्रार मानली आणि दोष दुरुस्त करूनच सायकली विकावयास काढल्या.

या प्रसंगांतच साऱ्या गोष्टीचें मर्म आहे. टाकून दिलेली वस्तु पूर्ववत् चालूं लागली, एवढ्यानें ती उपयोगाची होत नाहीं. नव्या कामाच्या कसोटीला ती उतरली पाहिजे. म्हणूनच होंडाच्या लहानशा शेडमध्यें प्रत्येक इंजिन संपूर्ण सुटें करून, दुरुस्त करून, पुन्हा जोडून आणि चालवून पाहून मगच बाहेर जाई. पेट्रोल पुरेसें मिळेना, तेव्हां त्यांत टर्पेंटाइन मिसळण्यापर्यंत मजल गेली.

गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि थोड्याच काळांत तीं ५०० इंजिनें संपलीं. टाकाऊ मालावर चालणाऱ्या धंद्याचा शेवट येथेंच व्हावयाचा. परंतु इतकीं इंजिनें उकलून पाहिलेल्या हातांना आतां नवें इंजिन घडविण्याची विद्या अवगत झाली होती. १९४७ मध्यें होंडानें स्वतःचें ‘ए’ जातीचें इंजिन काढलें. त्यांत मिश्रण आंत घेण्याचें द्वार नेमक्या वेळीं बंद करणारी फिरती चकती होती. साचीच्या विजारीवरील डागांचें तें उत्तरच म्हणावयाचें! सप्टेंबर १९४८ मध्यें होंडा मोटर कंपनी स्थापन झाली.

त्या इंजिनाच्या आवाजावरून जपानी लोकांनीं त्याला ‘बाता-बाता’ असें नांव ठेवलें. आपणहि मोटारसायकलीला ‘फटफटी’ म्हणतों, तें आवाजावरूनच. तेव्हां घरांतलें एखादें बंद यंत्र भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वीं तें एकवार उकलून पाहावें. तें पुन्हा चालेलच, असें नाहीं. परंतु तें कां चालत होतें, हें मात्र आपणांस कळेल. ज्यास हें कळलें, त्याचे हात रिकामे राहत नाहींत.