पाच फरशा

घरातली फरशी दोन फूट बाय दोन फुटांची आहे, हे बाबांना अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीनं मुलुंडच्या आमच्या घरात पाऊल टाकताच ते हेरलं. पाच फरशा म्हणजे दहा फूट, जवळजवळ तीन मीटर. तिथं तिनं खडूनं रेघ मारली. "काका, खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं." 'टाइम्ड अप अँड गो' ही जगभर वापरली जाणारी चाचणी एवढीच. धडधाकट माणसाला दहा सेकंद पुरतात. बाबांना 41 लागले, त्यातले निम्मे वळण्यात.

मला वाटलं, आता चालायला शिकवतील. दोन आठवडे तिनं नुसतं उभं राहायला आणि खुर्चीतून उठायला शिकवलं. शेजाऱ्यांकडून एक वजनकाटा मागून आणला, एक आमचा. दोन्ही पाय दोन काट्यांवर. बाबांचं वजन 68 किलो. उजवीकडे 49, डावीकडे 19. "काका, डाव्या पायाला तुम्ही कामावरून काढूनच टाकलंय की!" बाबा झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले. मग काट्याकडे बघत हळूहळू भार डावीकडे सरकवायचा. चार आठवड्यांनी आकडे 38 आणि 30 झाले.

चालताना डाव्या पावलाचा चवडा खाली लोंबायचा. तो अडखळू नये म्हणून बाबा सगळा पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवून आणत. त्यासाठी पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा स्प्लिंट आला आणि "टाच आधी, काका, टाच आधी" हा जप सुरू झाला. ती नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, हात कमरेच्या पट्ट्यावर. आम्ही मात्र पहिले दहा दिवस त्यांना डाव्या दंडाला धरून उठवत होतो. लुळा पडलेला खांदा अशानं निखळतो. घरी सोडताना रुग्णालयानं गोळ्यांची यादी दिली, पथ्य सांगितलं. हे कुणी सांगितलं नाही. तुमच्या घरी असा माणूस असेल तर कृपा करून त्याचा हात ओढू नका.

हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. पण मुलुंडहून दिवसाआड तिथं न्यायचं कसं? आणि सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो तो पहिल्या तीनेक महिन्यांत. म्हणून आमचा हॉलच शाळा झाला. मोरीचा कडप्प्याचा उंबरा हा जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू.

सगळ्यात अवघड धडा बोलत चालण्याचा. "काका, मुलुंडहून दादरकडे स्टेशनं सांगा, पण थांबायचं नाही." नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग... बाबा आठवायला लागले की पाय थबकायचे. पस्तीस वर्षं लोकलनं गेलेला माणूस! रस्त्यात कुणी हाक मारली, फोन वाजला, की माणूस इथेच पडतो, असं ती म्हणाली. आता घाटकोपरपर्यंत न थांबता जातात. विद्याविहारला गाडी अजून अडकते.

परवा पाच फरशांना 26 सेकंद लागले. स्टेशनचा पूल अजून बाकी आहे.