जुनी मोटारसायकल : खरेदी आणि निगा

महाकाळाच्या उज्जैनीहून निघावे आणि ओंकारेश्वरी जाऊन नर्मदेचे दर्शन घ्यावे, तेही स्वतःच्या मोटारसायकलवरून, ही हौस आपल्या माधव नगरातील अनेकांच्या मनात असते. अंतर सुमारे १४० किलोमीटर. वाटेत इंदूर लागते आणि सिमरोळच्या पुढे विंध्याचा घाट उतरावा लागतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नसली, म्हणजे दृष्टी जुन्या गाडीकडे वळते. फ्रीगंजात एखाद्या गॅरेजच्या दारी जुनी 'बुलेट' उभी दिसते, किंमत आवाक्यातली वाटते आणि मन मोहून जाते. परंतु जुने वाहन स्वस्त असते ते केवळ विकत घेण्याच्या दिवशी. पुढे त्याची उरलेली किंमत वेळ, श्रम आणि दक्षता यांच्या रूपाने देत राहावे लागते. ती देण्याची तयारी असेल त्यानेच या वाटेस जावे.

'बुलेट' मूळची इंग्लंडमधील. भारतीय सैन्यासाठी तिची निवड झाल्यानंतर १९५५ मध्ये मद्रास येथे 'एनफील्ड इंडिया' ही कंपनी स्थापन झाली. प्रथम आयात केलेल्या भागांची जुळणी होत असे. पुढे ते भागही तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात होऊ लागले. इंग्लंडमधील रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. तिच्या इंजिनाची मूळ रचना अनेक दशके फारशी बदलली नाही. म्हणूनच जुन्या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात. याउलट, जावा आणि येझदी बनविणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तेव्हा गाडी आवडण्यापूर्वी तिचे भाग कोठे मिळतील आणि तिची जाण असलेला मिस्त्री गावात आहे काय, याची चौकशी करावी.

पहिली परीक्षा कागदांची. नोंदणीपुस्तकातील इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. अंक घासलेले दिसल्यास तेथूनच परत फिरावे. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या नातलगाची गाडी येथे आणावयाची असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. नावाचा बदल लांबणीवर टाकू नये. तो न झाल्यास अपघाताच्या भरपाईचा भार मूळ मालकावर पडू शकतो.

दुसरी परीक्षा थंड इंजिनाची. आपण जाण्यापूर्वी गाडी चालू करू नये, असे विक्रेत्यास आधीच सांगावे आणि गेल्यावर इंजिनास हात लावून पाहावा. तापलेले इंजिन आपले पुष्कळ दोष झाकते. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळत आहे, अर्थात् पिस्टनच्या रिंगा वा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत, असे समजावे. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचे दर्शवितो. नंतर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक आडवे हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंगा सैल आहेत. मागील दातेरी चक्रावरून चेन बोटाने ओढावी; ती बरीच उचलली गेली, तर झिजलेली आहे. सांगाड्यावर वेल्डिंगच्या खुणा दिसल्यास जुन्या अपघाताची शंका घ्यावी.

गाडी घरी आली की निगेस आरंभ होतो. प्रवासापूर्वी ऑइलची पातळी, टायरांतील हवा आणि ब्रेक पाहणे हा नित्यनेम असावा. चेनला सुमारे २५ मिलिमीटर ढील ठेवावी; फार ताणलेली चेन बेअरिंगा झिजविते, फार सैल असलेली निसटते. प्लग काढून पाहिल्यास तो इंजिनाची प्रकृतीच सांगतो : तपकिरी असल्यास ठीक, काजळीने काळा झाल्यास पेट्रोल जास्त, पांढरा पडल्यास कमी. पॉइंटांतील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर राखावे. टॅपेट नेहमी थंड इंजिनावरच बसवावेत. उष्णतेने धातू प्रसरण पावतात. योग्य अंतर न राखल्यास व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि अखेर जळतो. माळव्याच्या रस्त्यांवर धूळ फार, म्हणून हवेची गाळणी वरचेवर साफ करावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या गाड्यांत नेमके उलट असते. नव्या गाडीवर हात बसलेला मनुष्य संकटाच्या क्षणी सवयीने उजवा पाय दाबतो, आणि गाडी मात्र थांबत नाही! शिवाय जुने ड्रम ब्रेक आजच्या डिस्क ब्रेकांइतके प्रभावी नसतात. घाटात सतत दाबून धरल्यास तापून आणखी दुबळे होतात. म्हणून प्रथम काही दिवस मोकळ्या रस्त्यावर पायांना नवी सवय लावावी, मगच मागे कोणास बसवावे. घाट उतरताना खालच्या गियरात राहून इंजिनाच्या रोधानेच वेग आवरावा. डोक्यावर हेल्मेट दोघांच्याही हवे.

विद्यार्थिमित्रहो, अशी गाडी चालविण्याचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षानंतरच मिळतो. तोवरचा काळ वाया मात्र नाही. रविवारी वडील किंवा काका गाडीची चेन साफ करीत असतील, तर पाना हाती घेऊन शेजारी बसा. प्रत्येक भाग काय करतो आणि का झिजतो हे विचारा. यंत्र बिघडण्यापूर्वी आवाजाने, धुराने, कंपाने सूचना देत असते. ती ऐकण्यास जो शिकला, त्याची जुनी गाडीही ओंकारेश्वरी सुखरूप पोहोचते, आणि संध्याकाळी घरीही परत येते.