चान्या आणि येसूर

शिक्षकबंधूंनो, वर्गात मुलांना 'आपल्याकडचे पदार्थ' लिहावयास सांगून पाहा. पुरणपोळी येईल, श्रीखंड येईल, थालीपीठ येईल. चान्या कोणी लिहिणार नाही. ज्याच्या आजीने त्या जन्मभर केल्या, तोही नाही.

चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. गावात मोठे जनावर पडले किंवा कापले, की मांस एकदम पुष्कळ हाती येई. ते एका दिवसात संपायचे कसे? मग त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात घालीत. कडक वाळल्या, की तुकडे करून मडक्यात. पावसाळ्यात हाताला काम नसे, तेव्हा त्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या, नाहीतर रस्सा करायचा. रश्शाला दाटपणा यायचा तो येसराने, म्हणजे धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेल्या पुडीने. तुपाचे नाव नको. तेलाचे काम चरबीच करी. रक्तही वाया जात नसे. ते शिजवून खात, त्याला रक्ती म्हणतात. हे सारे टंचाईतून आले, खरे आहे. पण किती वाळवायचे, चरबी केव्हा घालायची, हे ज्ञान होते बरं का, आणि ते बायकांच्या हातात होते. कागदावर नव्हते.

कागदावर ते आणले शाहू पाटोळे यांनी. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे सांगणारे त्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली निघाले. ज्याला आपण पूर्णब्रह्म म्हणतो त्याच्या पंक्तीबाहेर कोण राहिले, ते या नावातले एक अक्षर सांगते. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. गावोगाव लोकांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडले. पुढे १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. खेड्यांतली मुले शिकली, शहरात राहिली. मग जे स्वाभिमानाने सोडले, ते आता लिहून कशाला ठेवायचे?

माझ्या मते, ठेवलेच पाहिजे. सोडणे वेगळे आणि लपविणे वेगळे. मेलेले जनावर ओढण्याची सक्ती जायलाच हवी होती. त्या सक्तीतही आजीने चालविलेली अक्कल का विसरावी? अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गुलामगिरीत मालकाने टाकलेली आतडी नि पाय शिजवून आपली पाककला उभी केली, आणि १९६०च्या दशकात तिला 'सोल फूड' हे नाव अभिमानाने दिले.

आपल्याकडे १९७६च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आली. २०१५ साली ती बैल व वळूंनाही लागू झाली. पुस्तकही त्याच वर्षीचे. म्हशीला ही बंदी नाही, तरी चान्यांची दोरी आता अंगणात क्वचितच दिसते.

तेव्हा यादी पुन्हा करवून घ्या. ज्याच्या घरी जे होत असे ते त्याने लिहावे. कोणाला वर्गात सांगावेसे वाटले नाही तर आग्रह धरू नका. कोणी हसला, तर हसणाऱ्याला थांबवा. येसराचे प्रमाण मात्र घरोघर निराळे असते. ते आजीलाच विचारावे लागेल, आणि ती मुठीने सांगेल.