एकटी मादी आणि तिची पिल्ले

आमच्या शाळेतील मुलांनी गावाबाहेरच्या एका सिमेंटच्या हौदातून गप्पी मासे पकडून आणले होते. त्यांतली एक मोठी मादी आम्ही वेगळ्या टाकीत ठेवली. तीन आठवड्यांनी टाकीत पंधरा-वीस पिल्ले दिसली. यात नवल वाटले नाही. आणतानाच तिच्या पोटात पिल्ले असणार. पण महिन्याभराने पुन्हा पिल्ले झाली आणि त्यानंतर तिसऱ्यांदाही! टाकीत नर तर नव्हताच. मग ही पिल्ले कुठून आली?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता बरेच काही शिकायला मिळाले.

हा मासा मूळचा कुठला?

गप्पी आपल्याकडे इतका सगळीकडे दिसतो, की तो इथलाच वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे व्हेनेझुएला, गयाना या देशांत आणि जवळच्या त्रिनिदाद बेटावर आहे. १८५९ साली जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी त्याचे वर्णन करून 'पोसिलिया रेटिक्युलाटा' हे नाव दिले. पुढे रॉबर्ट गप्पी यांनी त्रिनिदादहून काही मासे लंडनला पाठवले आणि त्यांचे आडनाव माशाला कायमचे चिकटले. डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला. आजही आरोग्य खात्याचे कर्मचारी हौदांत, डबक्यांत गप्पी सोडताना दिसतात.

पकडताना आणि ठेवताना

सांडपाण्याच्या गटारातही गप्पी जगतात. पण मुलांना तिथे पाठवू नये. हौद किंवा कारंज्याचे टाके बरे. चहाच्या मोठ्या गाळणीला काठी बांधली, की जाळे तयार. पाचसहा माद्या आणि दोनतीन नर पुरेत. नर लहान, सडपातळ, अंगावर रंगीत ठिपके असलेला. मादी दुप्पट मोठी, करड्या रंगाची.

पहिल्या खेपेला आम्ही आणलेले मासे थेट नळाच्या ताज्या पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे मेलेले होते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने माशांच्या कल्ल्यांना इजा होते. म्हणून पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. मासे असलेली पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी आणि टाकीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घालत जावे. म्हणजे तापमानाचा धक्का बसत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. टाकीतील वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट बनवतात. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी. हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाणे अगदी बेताचे, आणि आठवड्याला साधारण पाव पाणी बदलणे, एवढे पाळले की झाले. टाकीत हायड्रिलासारखी पाणवनस्पती भरपूर असावी. ती अमोनिया शोषून घेते आणि पिल्लांना लपायला जागाही देते. ही जागा फार महत्त्वाची. कारण भुकेली मादी स्वतःचीच पिल्ले खाते!

साठवणीतले शुक्राणू

गप्पी अंडी घालत नाही. अंडी मादीच्या पोटातच फलित होतात आणि साधारण चार आठवड्यांनी पोहणारी पिल्ले बाहेर येतात. नराचा पोटाखालचा पर निमुळता होऊन नळीसारखा बनलेला असतो. त्याद्वारे तो शुक्राणू मादीच्या शरीरात सोडतो. आपल्या कोड्याचे उत्तर इथे आहे. मादी हे शुक्राणू कित्येक महिने जिवंत साठवून ठेवते आणि अंड्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीसाठी वापरते. आमची मादी एकटी होती, पण नराशी तिचा संबंध हौदातच आलेला होता.

म्हणूनच कोणत्या पिल्लाचा बाप कोण हे नक्की माहीत हवे असेल, तर पिल्ले चार आठवड्यांची होण्याआधीच नर-मादी वेगळे करावे लागतात. डेन्मार्कमधील योहानेस श्मिट यांनी १९२० साली नरांच्या अंगावरील एक काळा ठिपका बापाकडून थेट सर्व मुलग्यांकडे जातो, मुलींमध्ये दिसत नाही, असे दाखवले. तो ठिपका 'वाय' गुणसूत्रावरील जनुकामुळे असतो, हे त्यांच्यानंतर ओइविंड विंगे यांनी स्पष्ट केले. दहावीच्या पुस्तकातील आनुवंशिकता टाकीत पाहायची ही सोपी वाट आहे.

पकडून पाळायचे कशासाठी?

दुकानातले रंगीत गप्पी असताना हौदातले का पाळावेत? त्यामागे एक सुंदर शास्त्रीय कारण आहे.

१९७६ साली जॉन एंडलर यांनी त्रिनिदादमध्ये मोठे शिकारी मासे असलेल्या प्रवाहातील गप्पी पकडले आणि असे शिकारी नसलेल्या वरच्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांतच नरांच्या अंगावरचे रंगीत ठिपके वाढले. खाणारे कोणी नाही, आणि माद्यांना तर भडक नर आवडतात! डेव्हिड रेझनिक व सहकाऱ्यांनी अकरा वर्षांनी पाहिले, तर तिथले गप्पी उशिरा वयात येत होते आणि पिल्ले कमी पण मोठी देत होते. पण हा फरक आनुवंशिक, की केवळ तिथल्या खाण्यापाण्याचा परिणाम? हे ठरवण्यासाठी दोन्हीकडचे मासे पकडून, त्यांच्या पिल्लांच्या पुढच्या पिढ्या अगदी सारख्या टाक्यांत, सारखे अन्न देऊन वाढवल्या. फरक टिकून राहिला. म्हणजे तो आनुवंशिक होता. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

हाच प्रयोग लहान प्रमाणात शाळेत करता येईल. दोन वेगळ्या हौदांतील मासे आणा. दोन सारख्या टाक्यांत त्यांची दुसरी पिढी वाढवा. मादीची लांबी, एका वेळची पिल्ले, नरावरचे ठिपके यांची नोंद ठेवा. पकडलेल्या माशांत दिसलेला फरक नातवंडांत उरतो का?

शेवटची गोष्ट

काही महिन्यांत टाकी भरून जाईल आणि मुले विचारतील, "सर, जास्तीचे मासे नदीत सोडू का?" नाही. गप्पी इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. आपल्या ओढ्या-तळ्यांत डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले छोटे देशी मासे आहेत. तेही डासांच्या अळ्या खातात. त्यांच्या घरात हा पाहुणा नको. जास्तीचे मासे दुसऱ्या शाळेला द्यावेत, किंवा नर-मादी वेगळे ठेवून वाढच थांबवावी.

"एकच मासा सोडला तर काय होतं?" असे एखादा विचारेलच. तेव्हा त्याला त्या एकट्या मादीची आठवण करून द्या.