अंदमानात घड्याळाआधी सूर्य बघा
दहा-बारा जण अंदमानला निघणार असाल, तर हॉटेलच्याही आधी सगळ्यांची फेरीबोटीची तिकिटं एकत्र काढा. स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, जायचा फेरीबोट हाच मुख्य मार्ग. तिथे घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात 5 च्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून पश्चिमेचा राधानगर किनारा दुपारी 3 लाच गाठा. पूर्वेचा काला पत्थर पहाटेसाठी ठेवा.

स्कूटर स्वस्त पडतात, हे खरं. पण जेट्टीपासून राधानगर सुमारे 12 किलोमीटर. अंधारात, ओल्या कपड्यांनी, आजी-आजोबांना घेऊन परतायचं तर दिवसभरासाठी एकच मोठी गाडी ठरवणं बरं. शेजारच्या शहीद द्वीपावरचा नैसर्गिक खडकपूल मात्र ओहोटीलाच बघा. तेव्हाच खडकांतल्या डबक्यांत खेकडे आणि समुद्रकाकड्या दिसतात.